पिवळं जाकीट आणि तक्रारीची वही



फ्रान्स देशात प्रत्येक मोटारीत एक पिवळं जाकीट ठेवावं लागतं. २००८ पासून तसा नियमच आहे. गाडी रस्त्यात बंद पडली तर ते अंगावर चढवून खाली उतरायचं, म्हणजे अंधारात मागून येणाऱ्याला माणूस दिसतो. आपल्याकडे रस्त्याच्या कामावरची माणसं घालतात ना, तसंच. गरिबाच्या गाडीत तेच, श्रीमंताच्या गाडीतही तेच. दहा वर्षं ही जाकिटं गाड्यांमध्ये पडून होती. १७ नोव्हेंबर २०१८ च्या शनिवारी सरकारी मोजणीप्रमाणेच पावणेतीन लाखांहून जास्त माणसं ती घालून रस्त्यावर उभी राहिली. निमित्त होतं पेट्रोल-डिझेलवरच्या कराचं.

पेट्रोलचा भाव हा विषय आपल्या बैठकीत कधीही निघतो आणि निघाला की वीस मिनिटं थांबत नाही. म्हणून आम्ही ठरवलं की आज दुसऱ्या एका देशातल्या बायकांनी हीच तक्रार कशी केली, कुणी ऐकली आणि शेवटी तिचं काय झालं, ते सांगावं.

आधी हा कर काय ते बघू. त्याला कार्बन कर म्हणतात. कोळसा, डिझेल, पेट्रोल, गॅस जाळला की धुरातून कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि पृथ्वी तापते. पाऊस वेळेवर येत नाही, अवेळी गारा पडतात, हे आपण भोगतोच आहोत. तेव्हा जो जाळेल त्यानं धुराच्या हिशोबानं पैसे भरावेत, म्हणजे जाळणं कमी होईल, असा हा विचार. फ्रान्सनं २०१४ साली सुरुवात केली तेव्हा एक टन कार्बन डायऑक्साइडमागे ७ युरो दर होता. २०१८ मध्ये तो ४४.६० युरोवर गेला होता आणि २०२२ पर्यंत ८६ युरोच्या पुढे न्यायचं ठरलं होतं. एक लिटर डिझेल जाळलं की अडीच किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. हिशोब केला तर २०१८ साली लिटरमागे साधारण १२ सेंट होतात. तेव्हाच्या दरानं साडेनऊ रुपयांच्या आसपास. त्या वर्षी जगात कच्चं तेलही महागलं होतं, त्यामुळे पंपावर भाव दीड युरोला टेकला. त्यात सरकार म्हणालं, १ जानेवारी २०१९ पासून डिझेलवर आणखी साडेसहा सेंट आणि पेट्रोलवर जवळजवळ तीन सेंट वाढवणार.

आता तुम्ही म्हणाल, गाडी परवडते त्यांना साडेसहा सेंटचं काय एवढं? आम्हालाही वाचताना आधी तेच वाटलं. पण तिथल्या खेड्यात गाडी ही चैन नाही. लहान रेल्वेमार्ग बंद झाले, टपाल कचेऱ्या बंद झाल्या, गावातलं वाण्याचं दुकान जाऊन शहराबाहेरच्या मोठ्या बाजारात जावं लागायला लागलं. ल ब्लां नावाच्या गावातलं बाळंतपणाचं रुग्णालय याच २०१८ साली बंद केलं. त्या भागातल्या गरोदर बाईला दुसऱ्या गावाला जायला तासाभराचा रस्ता. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालणं, जेवू घालणं, औषध देणं हे काम करणाऱ्या तिथे पुष्कळ बायका आहेत. एका घरून दुसऱ्या घरी, दिवसभर, स्वतःच्या गाडीनं. पगार बेताचा. अशा बाईनं डिझेल कमी जाळायचं म्हणजे कोणाच्या आजीला उपाशी ठेवायचं?

आणि डिझेलच का? तर कितीतरी वर्षं सरकारनंच डिझेलवर पेट्रोलपेक्षा कमी कर ठेवला होता, म्हणून लोकांनी डिझेलच्या गाड्या घेतल्या. मग धोरण बदललं. डिझेलचा धूर वाईट, आता दोन्हींचा कर सारखा करायचा, असं ठरलं. ज्यानं सांगितल्याप्रमाणे केलं त्यालाच दंड बसल्यासारखं झालं.

पॅरिसजवळच्या सेन-ए-मार्न जिल्ह्यात प्रिसिलिया लुडोस्की नावाची बाई राहते. आधी बँकेत नोकरी केली, मग सौंदर्यप्रसाधनं विकायचा छोटा धंदा सुरू केला. आपल्या गटातल्या कितीतरी जणींसारखीच. तिनं पंपावरच्या भावाची फोड केली: तेलाचे किती, कंपनीचे किती, सरकारचे किती. निम्म्याहून जास्त पैसे करातच जातात असं दिसलं. मे २०१८ मध्ये तिनं इंटरनेटवर एक अर्ज टाकला, इंधनाचे भाव कमी करा म्हणून. उन्हाळाभर त्याच्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. ऑक्टोबरात वर्तमानपत्रात बातमी आली आणि सह्यांचा पूर लोटला. डिसेंबरपर्यंत दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. त्याच ऑक्टोबरात ब्रिटनी प्रांतातल्या जाकलीन मुरो या बाईनं मोबाइलवर चार-पाच मिनिटं बोलून व्हिडिओ टाकला. तिनं थेट राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांना विचारलं, आमच्या पैशांचं तुम्ही करता तरी काय? लाखो लोकांनी तो बघितला.

आमच्या मते सगळ्या गोष्टीतला खरा प्रश्न हाच आहे आणि तो पहिल्यांदा विचारला गेला नव्हता. २००९ साली त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांनी असाच कर आणला होता. १ जानेवारी २०१० ला तो सुरू व्हायचा होता. दोन-तीन दिवस आधी तिथल्या घटना परिषदेनं तो रद्द केला. कारण काय? मोठ्या कारखान्यांच्या धुराला जवळजवळ सगळी माफी होती आणि भार घरगुती माणसावर होता. कर सगळ्यांना सारखा लागू नाही, म्हणून चालणार नाही, असं परिषद म्हणाली. २०१४ चा कर कायद्यात बसवला, तरी सामान्य माणसाला दिसणारं चित्र फारसं बदललं नाही. मोठे कारखाने युरोपच्या वेगळ्या व्यवस्थेत मोडतात, म्हणून त्यांना हा कर नाही. विमानाच्या इंधनाला नाही. मालवाहू ट्रकवाल्यांना करातला काही भाग परत मिळतो. जमा झालेल्या पैशांचा मोठा भाग सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत गेला. त्यातून गावाला बस किंवा रेल्वे आली असं लोकांना दिसलं नाही. त्यातच २०१८ च्या सुरुवातीला श्रीमंतांच्या संपत्तीवरचा जुना कर काढून तो फक्त घरं-जमिनींपुरता ठेवला. शेअर, ठेवी यांना सूट. एका हातानं तिकडे सोडलं आणि दुसऱ्या हातानं इकडे घेतलं, हे कळायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

म्हणून लोक रस्त्यावर आले ते गावाबाहेरच्या गोल चौकांत. तिथे लाकडी फळ्यांच्या झोपड्या बांधल्या, चूल मांडली, घरून डबे आणले. सुरुवातीच्या पाहण्यांत दिसलं की आंदोलकांत जवळजवळ निम्म्या बायका आहेत. कित्येक एकट्या मुलं वाढवणाऱ्या, कित्येक निवृत्त. शेजारी राहूनही एकमेकींना पगार कुठल्या तारखेला संपतो हे ठाऊक नव्हतं, ते चौकातल्या शेकोटीपाशी कळलं. त्या वेळी एक वाक्य सगळीकडे झालं: वरच्यांना जगाच्या अंताची काळजी, आम्हाला महिन्याच्या अंताची. ६ जानेवारी २०१९ ला, रविवारी, बायकांनी पॅरिसमध्ये आणि दुसऱ्या शहरांत आपले वेगळे मोर्चे काढले.

सगळं सरळ झालं असं नाही. पहिल्याच दिवशी एका ठिकाणी वाट अडवलेली होती. आजारी मुलीला डॉक्टरकडे नेणाऱ्या बाईनं घाबरून गाडी पुढे घातली आणि त्रेसष्ट वर्षांची एक आंदोलक बाई मेली. दोघी सामान्य घरच्याच. पॅरिसमध्ये दुकानं फोडली, गाड्या जाळल्या. पोलिसांच्या रबरी गोळ्यांनी आणि नळकांड्यांनी वीसहून जास्त जणांचा एकेक डोळा गेला. मार्सेय शहरात झिनेब रेदुआन ही ऐंशी वर्षांची बाई आपल्या घराची खिडकी लावत होती. पोलिसांचं अश्रुधुराचं नळकांडं तिला लागलं आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. ती मोर्चातही नव्हती.

४ डिसेंबरला पंतप्रधानांनी करवाढ सहा महिने थांबवली. दुसऱ्या दिवशी ती त्या वर्षापुरती रद्दच केली. १० तारखेला राष्ट्राध्यक्षांनी किमान वेतनावरच्या कामगारांना महिना १०० युरो जास्त मिळतील अशी घोषणा केली. कराचा दर ४४.६० वर अडला तो तिथेच राहिला.

मग पैसे लोकांना परत दिले असते तर भांडण मिटलं असतं का? कॅनडानं ते करून बघितलं. २०१९ पासून ज्या प्रांतांत केंद्र सरकारचा इंधनावरचा कार्बन कर लागला, तिथे जमा रकमेतला सुमारे नव्वद टक्के भाग कुटुंबांना परत मिळत होता, खेड्यातल्यांना थोडा जास्त. पण पंपावरचा भाव दर आठवड्याला डोळ्यांत भरायचा आणि परतीचे पैसे आधी आयकराच्या हिशोबात, नंतर तीन महिन्यांनी खात्यात, तेही कधी एका नावानं कधी दुसऱ्या. कितीतरी जणांना ते कशाचे हेच कळलं नाही. तक्रारी वाढत गेल्या आणि १ एप्रिल २०२५ पासून तो कर बंद झाला. आपल्या खात्यात अनुदान येतं आणि पासबुक भरून आणल्याशिवाय ते कुठलं हे समजत नाही, त्यातलाच प्रकार.

आपल्या देशातही असा एक कर होता, हे किती जणींना माहीत आहे? २०१० साली केंद्र सरकारनं कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसवला, स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून. २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर ते पैसे राज्यांची नुकसानभरपाई देण्याकडे वळवले. कोळशावर वीज होते आणि वीज आपण वापरतो. आमच्या तरी एकाही बैठकीत त्याची तक्रार आली नाही. पंपावर आकडा दिसतो, कोळशाचा दिसत नाही.

आता वह्यांची गोष्ट. राजाच्या काळी, १७८९ साली, फ्रान्सच्या गावागावांतून तक्रारी लिहून मागवल्या होत्या. तशा हजारो वह्या भरल्या. त्यात मिठावरच्या कराची तक्रार ठिकठिकाणी आहे. तो कर असा होता की काही भागांत आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसानं ठरावीक मीठ सरकारकडूनच, सरकारच्या भावानं घ्यायचं. सरदार आणि धर्मगुरूंना माफी. (आपल्याला मिठाच्या करावरून १९३० चा शिरोड्याचा सत्याग्रह आठवतो.) त्याच वर्षी ऑक्टोबरात भाकरी महागली म्हणून पॅरिसच्या बाजारातल्या बायका पावसात चालत राजाच्या महालावर गेल्या. पुढच्या वर्षी तो मिठाचा कर गेला. त्या वह्या आजही इतिहासकार वाचतात.

२०१८ च्या डिसेंबरात लहान गावांच्या सरपंचांनी तीच जुनी चाल काढली. गावच्या कचेरीत एक कोरी वही आणि पेन ठेवलं. या आणि लिहा. पुढे सरकारनंही देशभर चर्चा घेतली, तेव्हा आणखी गावांत वह्या उघडल्या. म्हाताऱ्या बायकांनी थरथरत्या अक्षरात निवृत्तिवेतनाचं लिहिलं. कुणी बंद झालेल्या दवाखान्याचं, कुणी रेल्वेचं, कुणी श्रीमंतांचा कर परत आणा म्हणून. इंधनाचा कर हे दार होतं, आत गेल्यावर घरभर पसारा निघाला.

या वह्या सगळ्यांना वाचायला खुल्या होतील असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात जिल्ह्याजिल्ह्यांच्या दप्तरखान्यात ठेवल्या गेल्या. ज्याला वाचायच्या त्यानं तिथे जायचं. मार्च २०२५ मध्ये तिथल्या लोकसभेनं त्या खुल्या कराव्यात असा ठराव एकमतानं केला, म्हणजे सहा वर्षं गेली. इंटरनेटवर न टाकण्याचं एक कारण असं सांगितलं गेलं की वह्यांत लोकांची खाजगी माहिती आहे. आहेच. पुष्कळांनी तक्रारीखाली आपलं पूर्ण नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहिला आहे. उत्तर येईल असं वाटल्याशिवाय कुणी पत्ता लिहीत नाही.