किल्ल्यातील शाळा आणि वसईची मुले

वसईच्या किल्ल्यात येणारा परका प्रवासी तट, बुरूज आणि दरवाजे पाहून परततो. आम्हां वसईकर ख्रिस्ती कुटुंबांची पावले मात्र येशूसंघीयांच्या जुन्या 'पवित्र येशूनाम' मंदिराकडे आपोआप वळतात. संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव आज त्या मंदिराशी जडले आहे. सणाच्या दिवशी तेथे मिस्साबलिदान होते, गायनमंडळ गाते, मुले जुन्या भिंतींच्या सावलीत खेळतात आणि वडीलधारी माणसे 'आपला संत' म्हणून अभिमानाने त्यांची कथा सांगतात. ही कथा बहुधा क्रुसापासून सुरू होते. आम्हांस ती येथे शाळेपासून सुरू करावयाची आहे. कारण या मंदिराला लागून एके काळी येशूसंघीयांचे विद्यालय होते, आणि आमचा संत प्रथम त्या विद्यालयातला एक मुलगा होता.

व्रतस्थ संघांनी तरुणांसाठी काय केले, हा प्रश्न आम्ही नेहमी कृतज्ञतेने विचारतो, आणि ते योग्यच आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांनी पहिले अक्षर एखाद्या धर्मभगिनीच्या नजरेखाली गिरविले आहे. परंतु कृतज्ञतेच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावयास हवा. मूल त्या दाराशी कसे आले? ओढून आणलेले, की आपल्या पायांनी चालत आलेले? आणि त्याने आत येऊ द्या म्हटले तेव्हा दार उघडले काय? वसईचा इतिहास या प्रश्नांची उत्तरे देतो. ती सर्वच सुखावह नाहीत. म्हणूनच ती आपल्या मुलांना सांगितली पाहिजेत.

२३ डिसेंबर १५३४ रोजी झालेल्या तहान्वये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. त्यानंतर थोड्याच काळात फ्रान्सिस्कन संघाचे फादर अंतोनिओ दो पोर्तो आणि त्यांचे सहकारी येथे कामास लागले. १५४८ मध्ये संत फ्रान्सिस झेवियर स्वतः वसईस येऊन गेले. १५४२ साली गोव्याच्या रस्त्यांतून हाती घंटा घेऊन मुलांना धर्मशिक्षणासाठी गोळा करणारे ते हेच. त्याच सुमारास येशूसंघीयांनीही वसईत आपले घर केले. पुढे डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन संघांचे मठही किल्ल्यात उभे राहिले. या घरांतून मुलांना वाचन, लेखन, धर्मशिक्षण आणि गायन शिकविले जाई. अनाथांना तेथे अन्न आणि छप्पर मिळे. ज्या काळी गरीब घरच्या मुलाच्या हाती पाटी येणे दुर्मीळ होते, त्या काळातील हे कार्य लहान नव्हते.

परंतु याच कार्याची दुसरी बाजू लपविण्याचे कारण नाही. २३ मार्च १५५९ रोजी पोर्तुगालच्या राजाच्या नावे गोव्यासाठी एक हुकूम निघाला. ज्या अजाण हिंदू मुलांचे आईवडील व आजीआजोबा हयात नसतील, त्यांना येशूसंघीयांच्या सेंट पॉल विद्यालयाकडे सोपवावे, तेथे त्यांचा स्नानसंस्कार व्हावा आणि त्यांचे संगोपन व्हावे, असा त्याचा आशय होता. पुढे पुढे आई जिवंत असतानाही बाप वारलेल्या मुलास अनाथ गणण्यात येऊ लागले. अशी मुले हाती लागू नयेत म्हणून नातेवाईक त्यांना गुपचूप पोर्तुगीज हद्दीबाहेर पाठवीत. उत्तर कोकणातही ही प्रथा लोकांना जाचक झाली. ज्या आईच्या मांडीवरून मूल उचलले गेले, तिला त्या शाळेतील भाकरी आणि अक्षरे यांचे मोल कसे सांगावे? मुलाचे कल्याण करण्याची इच्छा खरी असेलही. पण कायद्याचा हात धरून ती इच्छा घरात शिरली, तेव्हा तिचे प्रेमाशी असलेले नाते तुटले. व्रतस्थ संघांच्या इतिहासातील हे पान आम्ही खाली मान घालून वाचले पाहिजे.

याच काळात, १५५६-५७ च्या सुमारास, वसईत गोन्सालोचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज सैनिक, आई येथलीच, कोकणातली. येशूसंघाचे फादर सेबॅस्टियन गोन्साल्विस यांच्या देखरेखीखाली हा मुलगा शिकला. शिक्षक आणि शिष्य यांच्यात माया असली पाहिजे. कारण १५७२ मध्ये, अवघ्या पंधराएक वर्षांचा असताना, हा मुलगा येशूसंघीयांबरोबर जपानला निघाला. त्या वयाचा आपल्या घरातला मुलगा डोळ्यांसमोर आणावा, म्हणजे त्या प्रवासाचे धाडस ध्यानी येईल. जपानमध्ये तो तेथील भाषा इतकी उत्तम शिकला की लोक त्याचे बोलणे कौतुकाने ऐकत. सुमारे आठ वर्षे त्याने धर्मशिक्षक म्हणून येशूसंघीयांची सेवा केली.

त्याची एकच मागणी होती: आपणांस संघात घ्यावे. ती मान्य झाली नाही. त्या काळी भारतात जन्मलेल्यांस येशूसंघात सहसा प्रवेश मिळत नसे. १५७५ साली कोल्लमचे ब्राह्मण पेद्रो लुईस यांना संघात घेण्यात आले, तो अपवाद ठरला. त्यांच्यानंतर संघाचे दार भारतीयांसाठी दीर्घकाळ बंदच राहिले. आणि नवल असे की, जपानी तरुणांसाठी मात्र त्याच संघाने १५८० मध्ये जपानमधील उसुकी येथे नवशिष्यांचे घर उघडले. ज्या मुलाला संघाने अक्षर दिले, श्रद्धा दिली, समुद्रापार नेले आणि राबवून घेतले, त्याला संघ 'आमचा' म्हणू शकला नाही. तो मुलगा उंबरठ्यावरच राहिला.

या नकाराने तो कडवट झाला असता तर आम्ही त्याला दोष दिला नसता. गोन्सालोने संघीयांची साथ सोडली आणि तो व्यापारात शिरला. व्यापारात त्याचा जम बसला. परंतु मनातील हाक थांबली नाही. तो फिलिपिन्समध्ये मनिला येथे गेला आणि तेथील फ्रान्सिस्कन मठात बंधू म्हणून स्वीकारला गेला. धर्मगुरू नव्हे, साधा बंधू. १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता हे फिलिपिन्सच्या गव्हर्नरचे दूत म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे निघाले, तेव्हा त्यांचा दुभाषा म्हणून हा वसईकर बंधूच पुढे झाला. किल्ल्यातील शाळेने ज्याला बोलावयास शिकविले, तो आता दोन देशांच्या मध्ये उभा राहून बोलत होता.

येथून पुढे बंधू गोन्सालो स्वतः शिक्षकाच्या जागी आले. क्योटो नगरात फ्रान्सिस्कनांनी मठ उभारला आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय चालविले. या मठाच्या आश्रयाने काही मुले वाढत होती. ती वेदीजवळ सेवा करीत, रुग्णांना मदत करीत. १५९६ च्या अखेरीस हिदेयोशीच्या हुकमाने धरपकड झाली, तेव्हा बंधू गोन्सालोंसह सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक श्रद्धावंत, असे सव्वीस जण मृत्युदंडास पात्र ठरले. त्यांत लुईस इबाराकी बारा वर्षांचा, अंतोनिओ तेरा वर्षांचा आणि थॉमस कोझाकी चौदा-पंधरा वर्षांचा होता. डाव्या कानाची पाळी कापून, ऐन हिवाळ्यात, क्योटोपासून नागासाकीपर्यंत त्यांना चालविण्यात आले. वाटेत थॉमसने आपल्या आईला पत्र लिहिले. ते पत्र पुढे त्याच्या वडिलांच्या अंगावर सापडले. कारण वडील मायकेल हेही त्याच वाटेवर मरणाकडे चालले होते. नागासाकीस अंतोनिओचे आईवडील रडत त्याच्या समोर आले, असे चरित्रकार सांगतात. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सर्वांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी मारण्यात आले.

पालक म्हणून वाचताना आमचे हात येथे थरथरतात. ही मुले वाचावयास हवी होती, असे वाटणे हा श्रद्धेचा अभाव नव्हे. लहानग्या लुईसला श्रद्धा सोडल्यास जीव वाचेल असे सांगण्यात आले होते. त्याने नकार दिला. मुलांना मृत्यू देणाऱ्या सत्तेचा अन्याय त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. परंतु १५५९ च्या हुकमाने उचललेले मूल आणि क्योटोच्या मठातील हे मूल यांतील अंतर या ठिकाणी दिसते. एकाला कोणी विचारलेच नव्हते. दुसऱ्याला विचारले गेले, आणि त्याने आपले उत्तर आपल्या तोंडाने दिले. आणखीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या संघाने गोन्सालोंना आत घेतले नाही, त्याचे पॉल मिकी, जॉन दे गोटो आणि जेम्स किसाई हे तिघे त्याच टेकडीवर त्यांच्या सोबतीला होते. दारावर झालेला भेद क्रुसावर उरला नाही. १६२७ मध्ये त्यांना धन्यवादितांत गणण्यात आले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सव्वीस जणांना संतपद दिले. वसईच्या मातीला पहिला संत मिळाला. भारतालाही तो पहिलाच.

इकडे वसईत येशूसंघीयांचे घर गोन्सालोंच्या मृत्यूनंतरही १४२ वर्षे राहिले. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसई जिंकली आणि पोर्तुगीजांबरोबर परदेशी व्रतस्थही निघून गेले. पुढे १७७३ मध्ये पोपमहाशयांनी येशूसंघच विसर्जित केला. तो १८१४ साली पुन्हा उभा राहिला. मठ ओस पडले, शाळेच्या भिंतींवर झाडे उगवली. मग आमच्या पूर्वजांच्या मुलांना श्रद्धा कोणी दिली? गावोगावच्या देशी धर्मगुरूंनी, आणि त्याहून अधिक घराघरांतील आज्यांनी. संध्याकाळी दिवा लागला की जपमाळ हाती घेणारी आजी, हीच त्या काळची शाळा. व्रतस्थ संघ नसतानाही पापडी, सांडोर, निर्मळ, नंदाखाल, आगाशी येथील समाज टिकला. संघ कुटुंबाला मदत करू शकतो; कुटुंबाची जागा घेऊ शकत नाही, हा धडा वसईने कोणत्याही ग्रंथावाचून शिकला आहे.

१९२८ साली दमण धर्मप्रांताची व्यवस्था संपली आणि वसईचे धर्मग्राम मुंबई धर्मप्रांतास जोडले गेले. योगायोग असा की, तरुणांसाठीच स्थापन झालेला एक संघ त्याच वर्षी मुंबईत आला. तो संत जॉन बॉस्को यांचा सलेशियन संघ. त्याचा आरंभ ज्या प्रसंगाने झाला, तो गोन्सालोंच्या कथेशेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे. ८ डिसेंबर १८४१ रोजी इटलीतील ट्युरिन येथे मंदिराच्या वस्त्रागारात एक अनाथ, गवंडीकाम करणारा मुलगा शिरला. त्याचे नाव बार्तोलोमेओ गारेल्ली. मिस्साची सेवा करता येत नाही म्हणून सेवकाने त्याला मारून हाकलले. तरुण धर्मगुरू बॉस्को यांनी तो आपला मित्र आहे म्हणून त्याला परत बोलाविले आणि वाचता येते का, गाता येते का, असे विचारीत शेवटी शीळ तरी घालता येते का, असे विचारले. मुलगा हसला. या हसण्यातून एक संघ जन्मास आला. विवेक, श्रद्धा आणि वात्सल्य ही त्यांच्या शिक्षणपद्धतीची तीन सूत्रे. छडीला तीत मान नाही. हाकललेल्या मुलाला परत बोलावणे, हाच तिचा पहिला धडा.

ख्रिस्तसभेनेही आपल्या इतिहासाकडे डोळे उघडून पाहिले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा प्रसिद्ध केला आणि श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती होता कामा नये, असे निःसंदिग्धपणे सांगितले. १५५९ च्या हुकमाला ख्रिस्तसभेने दिलेले हे उशिराचे, पण खरे उत्तर होय. संघांची दारेही आता आमच्या मुलामुलींसाठी उघडी आहेत. वसईच्या वाड्यांतून निघालेल्या व्रतस्थ बंधुभगिनी आज दूरदूरच्या शाळांत आणि वसतिगृहांत इतरांच्या मुलांना शिकवीत आहेत. २२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आणि गोन्सालो गार्सियांच्या नावाचे महाविद्यालय वसईत उभे आहे. ज्याला दारात थांबावे लागले, त्याच्या नावाच्या दारातून आज सर्व धर्मांची मुले आत जातात. यात आम्हांस दैवी न्याय दिसतो.

परंतु दाराशी उभी राहणारी मुले संपलेली नाहीत. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. नालासोपाऱ्याच्या चाळीत भाड्याने राहणाऱ्या मजुराचा मुलगा, पालघर जिल्ह्याच्या डोंगरपट्टीतील आदिवासी मुलगी, आपल्याच वाडीतला परीक्षेत नापास होऊन घरात तोंड लपविणारा तरुण. हे सारे आजचे गारेल्ली आहेत. त्यांना शीळ घालता येते का, असे विचारणारे कोणी हवे आहे. ते काम एकट्या व्रतस्थांवर टाकून आम्हांला मोकळे होता येणार नाही. आणि आपल्याच घरातील मुलाने किंवा मुलीने व्रतस्थ जीवनाची इच्छा बोलून दाखविली, तर त्या हाकेला ओढणेही नको आणि अडविणेही नको. उत्तर त्यांचे त्यांना देऊ द्यावे.

पुढच्या सणाला किल्ल्यात जाल तेव्हा मुलांना क्रुसाची कथा अवश्य सांगा. परंतु त्याआधी त्यांना मंदिराशेजारची ती पडकी जागा दाखवा आणि सांगा, येथे एक शाळा होती. तिच्यात आपल्यासारखाच एक मुलगा शिकत होता. त्याला एका दारात नकार मिळाला, तरी त्याने देवावर रुसवा धरला नाही. आणि स्वतः दारापाशी उभे राहण्याची वेळ आली, तेव्हा त्याने कोणाला परत पाठविले नाही.