टाचणाची कुळकथा

बी.एड.च्या वर्षातला माझा चौथा सराव पाठ. इयत्ता सातवी, विज्ञान, घटक हवेचा दाब. प्रस्तावनेचे पाच प्रश्न मी घोकून आले होते. फुग्यापासून सुरुवात करायची, एकेक पायरी चढवत न्यायचं, पाचव्या प्रश्नाला मुलं अडायला हवीत आणि ती अडली की आपण हेतुकथन करायचं, म्हणजे आज काय शिकायचं ते सांगायचं, अशी ती बांधणी. मी पहिला प्रश्न टाकला, ‘फुगा फुगवताना आपण त्यात काय भरतो?’ दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि हाताची घडी न सोडता म्हणाला, ‘मॅडम, आज हवेचा दाब आहे. फळ्यावर लिहायचं ना?’

सरावशाळाच ती. दर वर्षी आमच्यासारखे छात्राध्यापक त्या मुलांवर हात साफ करून घेत. हवेचा दाब त्या वर्गाने त्या महिन्यात तिसऱ्यांदा ऐकला होता. शेवटच्या बाकावरच्या मार्गदर्शक बाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. मी मात्र उरलेले चारही प्रश्न विचारले. टाचणात होते ना!

पाठाच्या टाचणांची ती वही अजून माझ्याकडे आहे. लांबट, जाड पुठ्ठ्याची, खाकी कव्हर घातलेली. प्रत्येक पाठाला चार पानं. वर चौकट: दिनांक, इयत्ता, तुकडी, तासिका, घटक, उपघटक. खाली पूर्वज्ञान, शैक्षणिक साधने, मग प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, फलकलेखन, संकलन, उपयोजन, स्वाध्याय. निळ्या शाईत मी, लाल शाईत बाई. डी.एड., बी.एड. केलेल्या कुणालाही हा साचा झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. पण तो आला कुठून, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. परीक्षेला ‘हर्बार्टची पंचपदी स्पष्ट करा’ असा प्रश्न यायचा, त्याचं उत्तर पाठ होतं. पंचपदी म्हटलं की मला आधी आजोळच्या देवळातलं भजन आठवायचं. हर्बार्ट टाळ घेऊन उभा आहे, असं चित्रही डोळ्यांसमोर यायचं.

योहान फ्रीडरिश हर्बार्ट हा जर्मन तत्त्वज्ञ. जन्म १७७६चा. विशीतच त्याला स्वित्झर्लंडमध्ये एका अधिकाऱ्याच्या घरी खासगी शिक्षकाची नोकरी लागली. श्टायगर हे त्या अधिकाऱ्याचं आडनाव, इंटरलाकेन भागाचा तो कारभारी. तीन मुलगे शिकवायचे होते. एक अट होती: मुलांना काय शिकवलं, कसं शिकवलं, कुणाची किती प्रगती झाली, याचा अहवाल ठरावीक मुदतीने पत्रातून वडिलांना द्यायचा. त्यातली पाच पत्रं टिकली आहेत. मला टाचणाच्या कुळकथेत हा प्रसंग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शिक्षक शिकवतो आहे आणि ते तो कागदावर मांडतो आहे, पण मुलांसाठी नव्हे, पैसे देणाऱ्यासाठी. लाल शाईची जागा तिथेच तयार झाली.

पुढे १८०९मध्ये हर्बार्ट क्योनिग्सबर्गला कांट ज्या अध्यासनावर होता त्यावर गेला, तिथे शिक्षकांसाठी वर्ग आणि जोडीला छोटी सरावशाळा चालवली. त्याचं म्हणणं साधं होतं. नवी कल्पना रिकाम्या मनात शिरत नाही. आधीच्या कल्पना तिला हात देतात, तेव्हाच ती आत येते. म्हणून शिकण्याचे चार टप्पे त्याने सांगितले: स्पष्टता, साहचर्य, व्यवस्था, पद्धती. आमच्या वहीतलं ‘पूर्वज्ञान’ हे या विचाराचं थेट नातवंड. चारच टप्पे, बरं का. पंचपदीतलं पाचवं पद हर्बार्टचं नाहीच.

ते लाइपझिगच्या तुइस्कोन त्सिलरचं. त्याने हर्बार्टच्या पहिल्या टप्प्याचे दोन केले. त्सिलर मोठा हौशी माणूस असावा. पहिलीचं सगळं वर्ष ग्रिमच्या परीकथांभोवती गुंफायचं आणि दुसरीचं रॉबिन्सन क्रूसोभोवती, अशी त्याची योजना होती. गणित, चित्र, निसर्ग, सगळं त्या एका बेटावर! त्यानंतर येनाच्या विल्हेल्म राइनने पायऱ्यांना शिक्षकाच्या तोंडी बसतील अशी सुटसुटीत नावं दिली: पूर्वतयारी, सादरीकरण, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. राइनच्या विद्यापीठात आठवड्याचा क्रम असा, की एकाने शाळेत पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी बसून पाहायचा आणि नंतर सगळ्यांनी मिळून त्याची चिरफाड करायची. परदेशांतून शिक्षक तिथे येत आणि पाच पायऱ्या घेऊन घरी जात. १८९०नंतर अमेरिकेत मॅकमरी बंधू आणि डी गार्मो, इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये जॉन अॅडम्स यांनी पुस्तकं लिहिली आणि हर्बार्टचं नाव इंग्रजी वाचणाऱ्या प्रत्येक ट्रेनिंग कॉलेजात पोचलं.

इथे एक गफलत झाली आणि ती आपल्याला आजवर भोवते आहे. त्सिलर आणि राइन यांच्या लेखी या पाच पायऱ्या एका घटकाच्या होत्या. घटक चार तास चालेल, आठवडाभरही चालेल. आपण त्या पाचही पायऱ्या एका पस्तीस मिनिटांच्या तासिकेत कोंबल्या. कारण उघड आहे. परीक्षक एकाच तासिकेला येऊन मागे बसणार, मग त्याला पाचही दिसायला नकोत? जॉन ड्यूईने १९१०मध्येच बजावलं होतं, की या पायऱ्या शिक्षकाच्या तयारीपुरत्या ठीक आहेत, प्रत्यक्ष वर्ग त्यांच्या तालावर चालवायचा नसतो. ड्यूईवरही परीक्षेत प्रश्न यायचा. वेगळ्या पेपरात.

आपल्याकडे शिक्षक घडवण्याची खटपट हर्बार्टची वाट पाहत थांबली नव्हती. पंतोजींच्या शाळेत मोठा मुलगा धाकट्यांना धूळपाटीवर अक्षरं गिरवायला लावी, तेच बऱ्याच अंशी शिक्षक-प्रशिक्षण. १८४५मध्ये मुंबईत शिक्षक तयार करण्यासाठी नॉर्मल वर्ग निघाला आणि तो बाळशास्त्री जांभेकरांकडे सोपवला गेला; पुढच्याच वर्षी बाळशास्त्री गेले. १८५४च्या वुडच्या खलित्याने ट्रेनिंग शाळांचा आग्रह धरला. आणि १८८२मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी जे मागितलं, ते वाचून मी थबकले. शिक्षक प्रशिक्षित हवेत आणि होता होईल तो शेतकरी वर्गातले हवेत. वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला ज्यांना लाज वाटणार नाही असे हवेत. त्यांच्या अभ्यासक्रमात शेती आणि आरोग्य यांचं प्राथमिक ज्ञान हवं. म्हणजे टाचणाच्या आधी टाचण लिहिणारा हात कुणाचा आहे, हे जोतीराव विचारत होते. आमच्या बी.एड.च्या विचारवंतांच्या यादीत जोतीराव होते. हे निवेदन मी मात्र पुष्कळ नंतर वाचलं.

आलं ते वेगळंच. कर्झनच्या १९०४च्या शैक्षणिक ठरावाने पदवीधरांसाठी एक वर्षाचा प्रशिक्षणक्रम आणि कॉलेजला जोडून सरावशाळा, अशी आखणी केली. १९०६मध्ये मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज उघडलं. इंग्रजी पुस्तकांतून शिकलेले प्राध्यापक, पुस्तकांत हर्बार्ट ताजा. दुसरीकडे तपासणीचा जुना जाच होताच. इंग्लंडात १८६२पासून निकाल पाहून अनुदान द्यायची रीत पडली, मुंबई इलाख्यातही अनुदानित शाळांना ती लागू झाली. दिपोटी साहेब, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर, येणार म्हणून शाळा सारवायची, मुलांना टोप्या घालायला लावायच्या, ही वर्णनं जुन्या आत्मचरित्रांत हवी तेवढी सापडतात. आपलं टाचण या दोन घराण्यांचं अपत्य आहे. आईकडून येनाचं मानसशास्त्र, बापाकडून दिपोटीचं दप्तर. चेहरा आईवर गेलाय, स्वभाव बापावर.

शब्द मात्र फार सुरेख निवडला, ज्याने कुणी निवडला त्याने. टाचण म्हणजे थोडक्यात केलेली नोंद. आणि शिवणात टाचणं म्हणजे पक्की शिलाई पडेपर्यंत कापड जागेवर धरून ठेवायला घातलेले कच्चे टाके. काम झालं की उसवायचे. आम्ही ते उसवलेच नाहीत, उलट त्यावर दर दहा-वीस वर्षांनी नवी पट्टी जोडत गेलो.

पहिली मोठी पट्टी बेंजामिन ब्लूमची. त्याचं उद्दिष्टांचं वर्गीकरण १९५६चं. लगोलग तो भारतात आला आणि परीक्षासुधारणेची शिबिरं झाली. १९६१मध्ये एनसीईआरटी स्थापन झाल्यावर हे लोण पसरलं. टाचणाला डावीकडे नवा रकाना फुटला: उद्दिष्टे व स्पष्टीकरणे. ‘विद्यार्थी व्याख्या सांगतो. विद्यार्थी फरक स्पष्ट करतो. विद्यार्थी उदाहरणे देतो.’ माझ्या वहीत हा विद्यार्थी शंभरेक वेळा तरी आला आहे आणि तो कधीच चुकत नाही. मग स्टॅनफर्डहून सूक्ष्म अध्यापन आलं. पाच-सहा मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य, आणि समोर खऱ्या मुलांऐवजी आपलेच वर्गमित्र. आमच्यात एक बाई होत्या, घरी दोन मुलं, नोकरीची रजा काढून शिकायला आलेल्या. त्या पाचवीची मुलगी होऊन बोट वर करायच्या आणि मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायच्या, म्हणजे शिकवणारीला ‘प्रबलन’ दाखवता यावं. त्यांच्याइतकं चांगलं टाचण कुणाला जमायचं नाही, कारण मुलं कुठे चुकतात हे त्यांना घरूनच माहीत होतं.

याच महाराष्ट्रात टाचणाला न जुमानणारी माणसंही होऊन गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडला जे केलं, त्यात कुरणशाळा होती. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा कुरणात जाईल. आता कुरणातल्या तासाचं ‘तुकडी’ आणि ‘तासिका क्रमांक’ या चौकटीत काय लिहायचं?

अलीकडचं सगळ्यांना ठाऊक आहे. डी.एड. कॉलेजांचं पेव फुटलं. महाराष्ट्रातल्या २९१ संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यातून न्यायमूर्ती वर्मा आयोग नेमला गेला, २०१२मध्ये अहवाल आला आणि २०१५पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. रचनावाद आला तसं ‘मुलं ज्ञानाची रचना करतात’ हे टाचणात लिहावं लागलं, तेही शिक्षकानेच, आदल्या रात्री. पंचपदीच्या जागी पाच ‘ई’ आले, म्हणजे इंग्रजी ‘ई’ने सुरू होणाऱ्या पाच पायऱ्या. पुन्हा पाचच! आणि तयार टाचणांची पीडीएफ आता व्हॉट्सअॅपवर फिरते. नाव आणि तारीख तेवढी बदलायची.

परवा तो हवेच्या दाबाचा पाठ मी पुन्हा उघडून पाहिला. तिसऱ्या पानाच्या समासात माझ्याच अक्षरात, पाठ संपल्यावर पेन्सिलने घाईत लिहिलेली एक ओळ आहे. पाण्याचा ग्लास पुठ्ठा लावून उलटा धरला होता, थेंबही सांडला नव्हता, तेव्हा त्याच दुसऱ्या बाकावरच्या मुलाने विचारलं होतं: ‘चंद्रावर उलटा केला तर?’ पुठ्ठा कोण धरून ठेवतं, तिथे हवा नाही मग काय होईल, पुठ्ठा आधी पडेल की पाणी, यात सगळा वर्ग उतरला. मुलं एकमेकांशी भांडली. सहा-सात मिनिटं कशी गेली कळलं नाही आणि घंटा झाली.

त्या ओळीच्या शेजारी लाल शाईत बाईंचा शेरा आहे: ‘उपयोजन राहिले. वेळेचे नियोजन हवे.’