मुलांचा जन्मक्रम आणि घरातील ताण

‘तू मोठी आहेस ना, मग तूच समजून घे’ हे वाक्य अनेक घरांत रोज ऐकू येते. मुलांचा ताण खरोखर जन्मक्रमावर अवलंबून असतो का?

संशोधन काय सांगते?
व्हिएन्नातील डॉ. आल्फ्रेड ॲडलर (१८७०–१९३७) यांनी जन्मक्रमामुळे स्वभाव घडतो, असे मांडले. मात्र २०१५ मध्ये अमेरिका, ब्रिटन व जर्मनीतील २०,००० हून अधिक व्यक्तींच्या अभ्यासात भावनिक स्थैर्य, मनमिळाऊपणा किंवा शिस्त यांवर जन्मक्रमाचा टिकाऊ परिणाम आढळला नाही. म्हणजेच, मूल कितवे आहे यापेक्षा घरात त्याच्याकडून काय अपेक्षा केली जाते, हे महत्त्वाचे.

ताण कशामुळे येतो?
• थोरले मूल: लहान वयात आलेली जबाबदारी. घरात आजारपण असेल तर ही जबाबदारी आणखी वाढते.
• मधले मूल: आपल्याकडे कुणाचे लक्ष नाही, ही भावना.
• शेंडेफळ: सतत तुलना आणि ‘तुला काय कळतंय’ असे ऐकणे.
• एकुलते एक मूल: सर्वांच्या अपेक्षांचे ओझे.

लक्षणे ओळखा
वारंवार पोट किंवा डोके दुखणे, झोप न लागणे, चिडचिड, शाळेत जायला नकार. धाकटे भावंड आल्यावर मोठे मूल बोबडे बोलू लागते किंवा पुन्हा अंथरूण ओले करते. हे बहुधा तात्पुरते असते. त्यासाठी रागावू नका. पण सोबत तहान वाढली असेल, वजन घटत असेल, तर मधुमेहाची तपासणी त्वरित करून घ्या.

तुम्ही काय करू शकता?
• प्रत्येक मुलाला रोज १०–१५ मिनिटे एकट्याला वेळ द्या.
• कामे वयानुसार वाटा. भावंडाला सांभाळणे ही मुख्यतः पालकांची जबाबदारी आहे.
• भांडणात ‘मोठा’ म्हणून एकालाच माघार घ्यायला लावू नका.
• घरातील आजारपणाबद्दल मुलांना समजेल अशा शब्दांत खरे सांगा. आजार त्यांच्यामुळे झालेला नाही, हेही सांगा.

डॉक्टरांकडे कधी जावे?
लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली किंवा अभ्यास, जेवण, खेळ यांवर परिणाम होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना भेटा. मूल स्वतःला इजा करण्याबद्दल बोलले तर थांबू नका, त्याला एकटे सोडू नका आणि लगेच रुग्णालय गाठा. सल्ल्यासाठी टेली-मानस (१४४१६) आणि चाइल्डलाइन (१०९८) या मोफत सेवा उपलब्ध आहेत.