पहाटे-सांजेला पक्षी बघायचेत? कमी पैशात दुर्बीण घेताना हे आकडे तपासा

मीरा रोड : शांती नगरसारख्या दाट वस्तीत राहणाऱ्यांनाही पक्षी बघायला फार लांब जावं लागत नाही. एका बाजूला भाईंदरची खाडी, मिठागरं आणि कांदळवन, तर दुसऱ्या बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. गावाकडे तर शेताचा बांधही पुरतो. अडचण एकच. पक्ष्यांची खरी लगबग पहाटे आणि सांजेला असते. रातबगळे अंधारून येताना बाहेर पडतात, पिंगळा आणि रातवाही त्याच वेळी. आपल्याकडे सूर्य मावळला की वीस-पंचवीस मिनिटांत अंधार दाटतो. तेवढ्या उजेडात काम देईल अशी दुर्बीण कशी निवडायची, ते बघू.

दुर्बिणीवरचे दोन आकडे

प्रत्येक दुर्बिणीवर ८×४२, १०×५० असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे पक्षी किती पट जवळ दिसेल. दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. भिंग मोठं तर उजेड जास्त. ४२ चं भिंग २५ च्या भिंगापेक्षा पावणेतीन पटींहून जास्त उजेड गोळा करतं.

आता दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. जे उत्तर येईल तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा झोत तुमच्या डोळ्यात जातो.

- १०×२५ : २.५ मिमी
- ८×३० : ३.७५ मिमी
- १०×४२ : ४.२ मिमी
- १०×५० : ५ मिमी
- ८×४२ : ५.२५ मिमी
- ७×५० : ७.१ मिमी

दिवसा आपली बाहुली दोन-तीन मिमीच उघडी असते. म्हणून भर दुपारी दुकानात छोटी आणि मोठी दुर्बीण सारखीच उजळ वाटते. फरक कळतो तो सांजेला. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिमीपर्यंत उघडते, पण वय वाढलं की पाचच्या आसपास थांबते. त्यामुळे पन्नाशीपुढच्या माणसाला ७×५० चा जास्तीचा उजेड फारसा मिळत नाही, वजन मात्र गळ्यात पडतं. बहुतेकांसाठी ८×४२ किंवा ८×४० हा सोयीचा मधला मार्ग. १२ पट, २० पट घेतलं तर हात थरथरला की चित्रही थरथरतं, आणि उजेडही कमी होतो.

काच कशी ओळखायची?

भिंगाला लेप नसेल तर काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर चार-पाच टक्के उजेड परत फिरतो. आत असे बरेच पृष्ठभाग असतात, म्हणजे हिशोब मोठा होतो. खोक्यावर 'फुली मल्टिकोटेड' लिहिलेलं असेल तर उत्तम. दुकानात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब भिंगात बघा. हिरवट किंवा जांभळट, मंद दिसलं तर लेप आहे. पांढरंशुभ्र दिसलं तर नाही. लालभडक आरशासारखं भिंग तर सांजेसाठी नकोच, ते उजेड परत फेकतं.

आतल्या प्रिझमसाठी 'बीएके-४' काच चांगली मानतात.

कमी बजेटमध्ये जुन्या धाटणीची, खांदे बाहेर आलेली 'पोरो' दुर्बीण घ्या. सरळ नळीची 'रूफ' दुर्बीण दिसायला सुटसुटीत असते, पण तिच्यात तेवढंच चांगलं चित्र मिळायला जास्त खर्चाचे लेप लागतात. निकॉनची ॲक्युलॉन ८×४२ आणि ऑलिंपसची ८×४० ही पोरो प्रकारातली नावं बरेच जण सुरुवातीला बघतात. भाव बदलत राहतात, दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या.

पट्टीने पकडा खोटेपणा

स्वस्त मालावर मोठे आकडे छापलेले असतात. तपासायची सोपी युक्ती अशी : दुर्बीण हातभर लांब धरून उजळ भिंतीकडे रोखा. डोळ्याच्या बाजूच्या काचेत एक उजेडाचा ठिपका दिसेल. त्यावर पट्टी धरा. १०×५० असेल तर ठिपका ५ मिमी हवा. तो ३ मिमीच भरला, तर ५० चं भिंग नावालाच, आतून ते झाकलेलं आहे. ठिपका पूर्ण गोल हवा. कडा चौकोनी, करड्या दिसल्या तर प्रिझम हलकं आहे.

आणखी काय बघाल?

- 'डे अँड नाइट' लिहिलं म्हणून अंधारात दिसत नाही. साधी दुर्बीण आहे तेवढाच उजेड गोळा करते.
- झूम असलेली स्वस्त दुर्बीण टाळा. पट वाढवले की चित्र काळवंडतं.
- चष्मा असेल तर 'आय रिलीफ' १५ मिमी किंवा जास्त हवा. पोरोमध्ये तो बऱ्याचदा कमी असतो, म्हणून चष्मा लावूनच बघा.
- दूरची तार किंवा खांब बघा. दोन-दोन दिसले किंवा डोकं दुखलं तर ती दुर्बीण घेऊ नका.
- जुनी घेताना मोबाइलचा टॉर्च मारून आत बुरशीचे धागे आहेत का ते बघा.
- ऑनलाइन घेताना परत करण्याची मुदत वाचा आणि त्या मुदतीतच एका सांजेला वापरून बघा.

घेतल्यावर

उजव्या डोळ्याची फिरकी एकदा नीट लावून घ्या, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात दुर्बीण घट्ट डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही बघू नका, अगदी मावळतीलाही नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो. लहान मुलांना हे आधी सांगा.

घुबडावर टॉर्च मारणं, घरट्याजवळ जाणं टाळा. मिठागरात आणि कांदळवनात भरतीची वेळ बघून, दोघं-तिघं मिळून जा.

राज्यात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ तारीख डॉ. सलीम अलींच्या. हिवाळी पाहुणे पक्षी तेव्हा आलेले असतात. दुर्बीण घ्यायचीच असेल तर त्याच्या आधी घ्या, म्हणजे पूर्ण हंगाम हाताशी राहील.