‘कौल’ शब्दाचा इतिहास आणि लोकनिर्णयाची उपेक्षा

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस, काजळी नदी समुद्रास मिळते त्या खाडीच्या पलीकडील तीरावर भाट्ये हे गाव वसलेले आहे. येथून थेट तेरेखोलपर्यंतच्या किनारपट्टीत ‘कौल’ हा शब्द उच्चारला असता सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे मतपेटी येत नाही; ग्रामदेवतेचे देऊळ येते. गावकरी जमतात, गुरव पाषाणावर कळ्या, पाकळ्या वा तांदळाचे दाणे लावतो, गाऱ्हाणे घातले जाते आणि उजवीकडील कळी पडते की डावीकडील, यावर होकार-नकार ठरतो. या विधीतील दोन गोष्टी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, प्रश्न सर्वांसमक्ष मोठ्याने आणि एका वेळी एकच विचारावयाचा असतो. दुसरी, उत्तर मिळाल्यावर त्याच्या विरुद्ध वागणाऱ्यास गाव सहजासहजी क्षमा करीत नाही. ज्यास उत्तर मानावयाचे नाही, त्याने कौल लावू नये, असा या रूढीचा गर्भितार्थ आहे.

हा शब्द मूळचा अरबी. ‘वचन’, ‘उक्ती’ हा त्याचा मूलार्थ होय, आणि फारसीच्या वाटेने तो मराठीत आला. मराठेशाहीच्या कागदपत्रांत तो निराळ्या अर्थाने वारंवार भेटतो. दुष्काळाने अथवा लष्कराच्या धामधुमीने गाव उजाड झाला, रयत परागंदा झाली, म्हणजे सरकार तिला ‘कौल’ देई: परत या, जमीन लावा, अमुक वर्षे अमुक दराहून अधिक सारा घेतला जाणार नाही. चढत्या साऱ्याच्या इस्ताव्याचे कौलनामे याच जातीचे होत. तेथे कौल म्हणजे राज्यकर्त्याने रयतेला दिलेला शब्द. देवळात तो देवाने भक्ताला दिलेला शब्द झाला, आणि लोकशाहीच्या काळात मतदारांनी राज्यकर्त्यांना दिलेला शब्द झाला. शब्द देणारा प्रत्येक वेळी बदलला, परंतु दिलेल्या शब्दाने बांधले जाणे हा अर्थाचा गाभा मात्र कायम राहिला. लोकांचा निर्णय राजकारणी पुरुषांनी दृष्टीआड केला असे वाटताच जो क्षोभ उसळतो, त्याचे मूळ या गाभ्यात शोधावे लागते. जो कौल मागतो तो मागण्याच्या क्रियेनेच स्वतः कौल देतो, म्हणजे उत्तर पाळण्याचे वचन देतो. हे वचन मोडले की मतभेदाचे रूपांतर विश्वासघाताच्या भावनेत होते.

या अर्थासाठी मराठीत आणखी तीन शब्द रूढ आहेत, आणि ते एकमेकांचे पर्याय नव्हेत. ‘सार्वमत’ हा शब्द सर्वांचे मत सुचवितो. वस्तुतः हाती येते ते बहुसंख्यांचे. ‘जनमत’ हा केवळ मताचा निर्देश आहे; मत ऐकून घेता येते आणि बाजूसही ठेवता येते. ‘जनादेश’ मात्र आज्ञा होय. ती पाळावीच लागते. सत्ताधीश ‘जनमत’ अजमावतो आणि लोक मनात ‘जनादेश’ देऊन घरी जातात, तेव्हा पुढील संघर्षाचे बीज तेथेच पडलेले असते. या शब्दभेदाचे व्यवहारातील परिणाम कोकण, गोमंतक आणि सीमाभाग यांच्या इतिहासात स्पष्ट दिसतात.

प्रथम एक पूर्वपीठिका. १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात संयुक्त महाराष्ट्र समितीस जे यश लाभले, त्याने द्वैभाषिक मुंबई राज्याचा पाया हादरला. राजापूर मतदारसंघातून बॅ. नाथ पै लोकसभेवर गेले ते याच निवडणुकीत. ता. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. एकाच प्रश्नावर लढविलेली निवडणूक हाही कौलच होय आणि तो दिल्लीस मानावा लागतो, ही धारणा या अनुभवाने मराठी मनात दृढ झाली.

हीच धारणा पुढे गोमंतकात कसोटीस लागली. ता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३ च्या डिसेंबरात झालेल्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला व दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड गोवन्स पक्ष १२ जागांसह विरोधात बसला. जानेवारी १९६५ मध्ये गोव्याच्या विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव संमत केला. विलीनीकरणवाद्यांच्या लेखी आता विचारावयाचे काही उरले नव्हते. लोकांनी कौल दिला होता आणि तो अमलात आणण्यास दिल्ली टाळाटाळ करीत होती. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात या भावनेला विशेष धार होती, कारण आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ पर्यंत रत्नागिरीतच समाविष्ट असल्याने गोव्याची उत्तर सीमा ही रत्नागिरी जिल्ह्याचीच सीमा होती. याउलट सिक्वेरा व त्यांचे सहकारी यांचे म्हणणे असे की, माणसे सरकार निवडतात तेव्हा अनेक कारणांनी निवडतात. प्रदेशाचे अस्तित्वच पालटणारा प्रश्न स्वतंत्रपणे विचारला गेला पाहिजे.

अखेर डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने त्यासाठी खास कायदा केला. भारतीय राज्यघटनेत सार्वमताची सर्वसाधारण तरतूद नसल्यामुळे त्यास ‘ओपिनियन पोल’ हे सौम्य नाव मिळाले. मराठीत मात्र तो ‘जनमत कौल’ म्हणूनच ओळखला गेला. निःपक्षपाती वातावरणासाठी बांदोडकर मंत्रिमंडळाने त्याच महिन्यात राजीनामा दिला. ता. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, स्वतंत्र संघप्रदेशाचे चिन्ह दोन पाने. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिले. १,७२,१९१ मते संघप्रदेशाच्या बाजूने व १,३८,१७० विलीनीकरणाच्या बाजूने पडली. अंतर ३४,०२१ मतांचे होते.

यानंतर जे घडले ते इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष बारकाईने पाहण्यासारखे आहे. ता. २८ मार्च १९६७ रोजी, म्हणजे कौलानंतर अवघ्या ७१ दिवसांनी, विधानसभेची निवडणूक झाली. आणि त्याच मतदारांनी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षास १६ जागा देऊन बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्रिपदी बसविले. वरवर पाहता हा विरोधाभास वाटतो. परंतु त्यातून एकच निष्कर्ष निघतो. बहुजनसमाजाला बांदोडकरांचे राज्य हवे होते, आणि त्यातील काहींना विलीनीकरण नको होते. १९६३ च्या निवडणुकीवरून विलीनीकरणाचा कौल गृहीत धरणे किती धोक्याचे होते, हे या ७१ दिवसांनी सिद्ध केले. तितकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट अशी की, पराभूत पक्षाने सत्ता हाती असतानाही निकाल मोडून काढला नाही. निकालाविषयीची खंत महाराष्ट्रात व गोव्यात दीर्घकाळ रेंगाळली, पण प्रश्न स्पष्ट होता, मतदान विपुल झाले होते आणि आकडे जाहीर होते; त्या खंतीस फसवणुकीच्या आरोपाचे बळ मिळू शकले नाही.

तथापि कौल जे विचारतो तेवढ्याचेच उत्तर देतो, ही मर्यादा गोव्यातही जाणवली. मतपत्रिकेवर घटकराज्याचा पर्याय नव्हता आणि भाषेचा उल्लेखही नव्हता. दोन पानांवर खूण करणाऱ्या अनेकांनी मात्र आपण कोंकणीच्या पृथक् अस्तित्वासच मत दिले, असे मानले. भाषाशास्त्राच्या दरबारी हा वाद जुना आहे. ग्रिअर्सनने आपल्या भाषा-पाहणीत कोंकणीस मराठीच्या खंडात स्थान दिले, डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४२ च्या आपल्या प्रबंधात तिच्या घडणीचा स्वतंत्र विचार केला. पण व्याकरणकाराचे वर्गीकरण हा कौल नव्हे, आणि मतपेटीतील बहुमत हे व्याकरण नव्हे. दोहोंची गल्लत दोन्ही पक्षांनी केली. राजभाषेचा प्रश्न २० वर्षे लोंबकळत राहिला तेव्हा कोंकणीवाद्यांना १९६७ च्या निर्णयाची ती उपेक्षा वाटली, तर मराठीच्या अभिमान्यांना आपल्या भाषेविरुद्ध असा कोणताही निर्णय झालाच नव्हता असे वाटले. डिसेंबर १९८६ मध्ये आंदोलनास हिंसक वळण लागून प्राणहानी झाली. फेब्रुवारी १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोंकणीस राजभाषेचे स्थान दिले व शासकीय कामी मराठीच्या वापरासही वाव ठेवला, ता. ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाले. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे समजण्याची किंमत ही अशी मोजावी लागली.

गोव्याचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून बेळगावकडे वळले म्हणजे तेथील दुःखाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार हा भाग म्हैसूर राज्यात गेला. महाराष्ट्राने आपली बाजू चार तत्त्वांवर मांडली: खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा. लोकेच्छेचा पुरावा म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवार निवडणुकीमागून निवडणुकीत निवडून दिले गेले. ऑक्टोबर १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने ऑगस्ट १९६७ मध्ये दिलेल्या अहवालात बेळगाव शहर म्हैसुराकडेच ठेवण्याची शिफारस केली व महाराष्ट्राने ती अमान्य केली. नोव्हेंबर २००५ मध्ये तर बेळगाव महानगरपालिकेने महाराष्ट्रात समावेशाचा ठराव केल्यावर कर्नाटक शासनाने ती महानगरपालिकाच बरखास्त केली.

येथे तर्काचा एक पेच आहे, आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. निवडणूक हा एका प्रश्नावरील कौल नव्हे, हे गोव्यावरून शिकलेले तत्त्व बेळगावासही लागू होते. परंतु ज्या केंद्रसत्तेने हे तत्त्व गोव्यात मान्य केले, तिने तेथे लगोलग स्वतंत्र प्रश्नही विचारला. बेळगावच्या मराठी माणसास मात्र असे सांगण्यात आले की तुझी निवडणूक हा कौल नव्हे, आणि स्वतंत्र कौल तर घेतलाच गेला नाही. उत्तर अमान्य करणे एक आणि विचारण्याचेच टाळून मिळालेली सर्व उत्तरे अप्रस्तुत ठरविणे निराळे. दुसरा प्रकार अधिक बोचतो, कारण त्यात हरण्याचा अधिकारही नाकारला जातो. गोव्यातील विलीनीकरणवादी हरले, पण मोजले गेले.

तिसरा प्रकार रायगड जिल्ह्यात घडला. मुंबईलगतच्या नियोजित विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण तालुक्यातील शेतजमीन संपादन करण्यास प्रखर विरोध झाला, प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे ज्येष्ठ नेते त्या लढ्यात अग्रभागी होते. ता. २१ सप्टेंबर २००८ रोजी शासनाने हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शेतकऱ्यांचा कौल घेतला. भूसंपादनाच्या प्रश्नावर असा प्रयोग देशात अपूर्व होता. परंतु गावकऱ्यांसमक्ष मोजणी करून निकाल घोषित करण्याऐवजी तो अहवालरूपाने शासनदरबारी गेला. शेतकऱ्यांचा कल विरोधाचा आहे हे सर्वांस ठाऊक असताना अधिकृत घोषणेविषयी मौन राहिले, आणि या मौनानेच संशय व संताप वाढविला. पुढे तो प्रकल्प उभा राहिला नाही, हे खरे. पण निर्णय आपल्या मताने झाला की कालमर्यादा व अन्य अडचणींमुळे, हे त्या शेतकऱ्यास कोणी सांगितले नाही. फळ मिळूनही मान मिळाला नाही, असे या प्रकरणाचे वर्णन करता येईल.

हा अनुभव आपल्यापुरता मर्यादित नाही. ता. ५ जुलै २०१५ रोजी ग्रीसमध्ये सुमारे ६१ टक्के मतदारांनी धनकोंच्या अटींस नकार दिला. तो नकार मागणाऱ्या सरकारनेच आठवड्याभरात कठोर अटी स्वीकारल्या. ब्रिटनमध्ये जून २०१६ च्या सार्वमताची अंमलबजावणी जानेवारी २०२० मध्ये झाली. युरोपीय संघातून बाहेर पडावे की नाही एवढेच विचारले होते, कसे पडावे हे विचारले नव्हते. ग्रीसमध्ये वचन मोडले गेले, ब्रिटनमध्ये प्रश्न अपुरा होता. सामान्य मतदाराला मात्र दोन्ही ठिकाणी उपेक्षाच दिसली.

या सर्व उदाहरणांतून लोकनिर्णयाच्या यशाच्या तीन अटी हाती येतात. प्रश्न एकच व नेमका असावा. उत्तर उघडपणे मोजून जाहीर व्हावे. आणि विचारणाऱ्याने ते पाळण्यास आधीच बांधून घ्यावे. पहिली अट मोडली तर गोव्यातील भाषावादासारखा दीर्घ कलह उद्भवतो. दुसरी मोडली तर पेणसारखा संशय मागे राहतो. तिसरी मोडली तर लोक पुढील वेळी मतपेटीकडे जाण्याऐवजी रस्त्यावर येतात. आणि जेथे प्रश्नच विचारला जात नाही, तेथे बेळगावाप्रमाणे प्रत्येक निवडणूक हीच पुन्हा पुन्हा लावलेला, पण कोणी न पाहिलेला कौल होऊन बसते.

लोकांचा बहुमताचा निर्णय नेहमी शहाणपणाचाच असतो, असे येथे प्रतिपादावयाचे नाही. १,३८,१७० माणसांचे मत ३४,०२१ च्या अंतराने असत्य ठरत नाही. परंतु हरलेल्या माणसाने निकाल स्वीकारावा, अशी अपेक्षा करावयाची असेल, तर जिंकलेल्या माणसाचा निकाल मानला जातो, हे त्यास दिसले पाहिजे. उजाड गावात परतणाऱ्या रयतेने सरकारच्या कागदावर विश्वास ठेवला, तो त्यातील शब्द पाळला जाईल म्हणून. मतदाराचा मतपत्रिकेवरील विश्वास याहून निराळ्या पायावर उभा नाही.