जर्मनीला शिकायला जाताय? बॅगेत काय घ्यायचं आणि काय घरीच ठेवायचं

जर्मनीतलं हिवाळी सत्र ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होतं. त्यामुळे सप्टेंबरमध्ये पुण्या-नाशिकच्या बऱ्याच घरांत हॉलभर बॅगा पसरलेल्या असतात. आई मसाल्याचे डबे आणते, मावशी तुपाची बरणी देते आणि काटा 23 किलोच्या पुढे जातो. मग आदल्या रात्री काढाकाढी सुरू होते आणि नेमक्या गरजेच्या वस्तू बाहेर निघतात.

हे टाळायचं तर एक गोष्ट आधी ठरवा. ही बॅग दोन वर्षांसाठी नाही, पहिल्या दोन आठवड्यांसाठी भरायची आहे. तांदूळ, तूरडाळ, हळद हे मोठ्या शहरांतल्या आशियाई दुकानांत मिळतं. गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, मेतकूट मात्र सहज मिळत नाही. वजन खर्च करायचं तर यांच्यावर करा.

आता त्या तुपाच्या बरणीबद्दल. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून मांस आणि दूध किंवा दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, खवा, पनीर घरीच. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता यांच्यासाठी डिसेंबर 2019 पासून वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त पाच फळांना आहे: अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. गंमत बघा, तिकडे नारळाला सूट आहे, पण सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आपल्याकडेच अडतात. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं, म्हणून 2022 पासून भारतात ते चेक-इन सामानात चालत नाही.

कुकर न्यायचा का? न्या, पण बूड इंडक्शनवर चालणारं आहे का ते पाहा. साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनच्या शेगडीवर तापतच नाही. जर्मनीतली वीज आपल्यासारखीच 230 व्होल्टची आहे, त्यामुळे मिक्सर चालेल. मोबाइल चार्जरची दोन पिनांची प्लगही तिथे बसते. तीन पिनांची बसत नाही, त्यासाठी ॲडॅप्टर इथूनच घ्या.

कपड्यांत सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. जाड जॅकेट इथे घेऊ नका. खरी थंडी नोव्हेंबरपासून पडते, तोवर तिथल्या हवेला साजेसं जॅकेट तिथेच घेता येतं. आतून घालायचे थर्मल, एक स्वेटर आणि पावसाला टिकणारे बूट पुरतात. वसतिगृहाच्या खोलीत पलंग असला तरी चादर, उशी असेलच असं नाही. एक चादर, पातळ पांघरूण, ताट आणि वाटी घ्या. रविवारी तिथली दुकानं जवळपास सगळी बंद असतात. शनिवारी रात्री पोहोचणार असाल तर दशम्या आणि चटणी बरोबर असू द्या, नाहीतर पहिलाच दिवस उपाशी जाईल.

चष्मा असेल तर दुसरा जोड आणि नंबरची चिठ्ठी घ्याच. प्रौढांच्या चष्म्याचा खर्च तिथला सरकारी आरोग्य विमा सहसा देत नाही. दातांची कामं निघण्याआधीच उरका. नेहमीची औषधं स्वतःपुरती, साधारण तीन महिन्यांची नेता येतात. मात्र डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी हवी आणि तिच्यावर औषधाचं ब्रँडचं नाव नको, मूळ घटकाचं नाव हवं. झोपेच्या किंवा तीव्र वेदनेच्या गोळ्यांचे नियम वेगळे आहेत, ते आधी विचारून घ्या.

मूळ गुणपत्रिका, पदवी, जन्मदाखला, एपीएस प्रमाणपत्र आणि विद्यापीठाचं प्रवेशपत्र हातातल्या बॅगेतच. पॉवर बँकही तिथेच, कारण ती चेक-इनमध्ये चालत नाही. 100 वॅट-तासांपर्यंतच्या, म्हणजे साधारण 27,000 एमएएचच्या पॉवर बँकेला वेगळी परवानगी लागत नाही. शिवाय दोन दिवसांचे कपडे आणि औषधं याच बॅगेत ठेवा. विमान बदलताना मोठी बॅग मागे राहणं नवीन नाही.

निघण्याच्या आठ दिवस आधी एकदा सगळं भरून वजन करा. जास्त भरलं तर आधी डाळ-तांदूळ काढा, मग पुस्तकं. भाजणीला हात लावू नका.