कॉन्स्टेबल, जॉन
(११ जून १७७६–३१ मार्च १८३७). श्रेष्ठ इंग्रज निसर्गचित्रकार. सफक परगण्यातील ईस्ट बर्गहोल्ट येथे एका गिरणीमालकाच्या कुटुंबात जन्म. जुन्या चित्रांतील तपकिरी छटा हीच निसर्गचित्राची उचित रंगसंगती, असा त्या काळी संकेत होता. तो नाकारून कॉन्स्टेबलने प्रत्यक्ष पाहिलेले ताजे हिरवे रंग चित्रात आणले. कुरण एकाच रंगाने न भरता त्याने हिरव्याच्या भिन्न छटा शेजारीशेजारी योजिल्या. पाने व पाणी यांवरील चकाकी त्याने शुभ्र ठिपक्यांनी दाखविली. टीकाकारांनी मात्र त्यांना ‘कॉन्स्टेबलचे हिम’ म्हणून हिणविले. भूमीवरील प्रकाशाचे मूळ आकाशात असल्याने आकाश ही केवळ पार्श्वभूमी नव्हे, अशी त्याची धारणा होती. १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेड येथे त्याने मेघांची अनेक तैलरंगी अभ्यासचित्रे काढली व त्यांपैकी अनेकांच्या मागे दिनांक, वेळ व वाऱ्याची दिशा नोंदविली. *द हे वेन* (१८२१) या चित्रास १८२४ च्या पॅरिस सलाँमध्ये सुवर्णपदक लाभले आणि दलाक्र्‌वासारखे फ्रेंच चित्रकार त्याच्या रंगपद्धतीने प्रभावित झाले. मायदेशी मात्र रॉयल अकॅडमीचे पूर्ण सदस्यत्व त्यास १८२९ मध्ये, वयाची बावन्न वर्षे उलटल्यावर मिळाले. चित्रकला म्हणजे निसर्गनियमांचा शोध होय, असे त्याने १८३६ मधील व्याख्यानांत प्रतिपादिले. लंडन येथे तो निधन पावला.